हसत खेळलेला सामना

आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. जळगाव जिल्ह्यातील बऱ्याच शाळांत हा खेळ खेळला जातो; शेजारच्या धुळ्यातही खेळला जातो. पावसाळा ओसरू लागला की शालेय स्पर्धांचे दिवस येतात. मी शाळेत मराठी शिकवते. खेळातले मला फारसे कळत नाही. पण मुलींचा संघ परगावी निघाला, की सोबत एक शिक्षिका लागते. म्हणून मी जाते.

या संघाबरोबर नववीतली एक मुलगी नेहमी येत असे. ती सामान सांभाळी, हातमोजे मोजून पिशवीत भरी, सर्वांना पाणी देई आणि गुणवही लिही. तिचे अक्षर मोत्यांसारखे! पण दोन वर्षांत सामन्यात तिच्या हाती एकदाही बॅट आली नव्हती. तिला चेंडू झेलता येत नसे. चेंडू जवळ आला, की ती डोळे गच्च मिटून घेई.

एकदा आम्ही सामना हरून परत येत होतो. बसमध्ये सगळ्या मुली गप्प होत्या. ही माझ्या शेजारी बसली होती. तिने हळूच विचारले, “आपा, ज्यांना नीट खेळता येत नाही, त्यांची स्पर्धा कुठेच नसते का?”

“असते की,” मी म्हणाले. खरे तर मला काही माहीत नव्हते. बोलून गेले, म्हणून मग शोधावे लागले.

मुलांनो, आधी हा खेळ कसा असतो ते पाहू. विटीदांडू आणि क्रिकेट तुम्हांला ठाऊक आहेत. सॉफ्टबॉल त्यांचाच दूरचा भाऊ. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. मैदानाच्या एका टोकाला चौकट असते. तिच्या चार कोपऱ्यांना ‘बेस’ म्हणतात. एका बेसपासून दुसरा बेस ६० फुटांवर असतो. चेंडू टाकणारा तो ‘पिचर’. तो हात खांद्यावरून न फिरवता खालून चेंडू टाकतो. फलंदाजाने चेंडू मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि उजवीकडच्या पहिल्या बेसकडे धावायचे. मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी जेथून निघाला तेथे परत. फेरी पूर्ण झाली, की एक धाव. तीन वेळा चेंडू हुकला, की बाद. दोन्ही संघांना असे सात डाव मिळतात.

‘सॉफ्ट’ म्हणजे मऊ. पण या नावावर विश्वास ठेवू नका. चेंडू चांगलाच टणक असतो. क्रिकेटच्या चेंडूचा घेर सुमारे ९ इंच, तर याचा १२ इंच! आमच्या संघातल्या कितीतरी मुलींची बोटे त्याने सुजवली आहेत.

या खेळाचा जन्म मात्र गमतीतच झाला. १८८७ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात एका नौका क्लबात काही तरुण जमले होते. दूर कुठे चाललेल्या एका सामन्याचा निकाल ते ऐकत होते. निकाल कळला आणि एकच जल्लोष झाला. त्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा उचलून दुसऱ्यावर फेकला. त्याने तो हातातल्या काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाचा तरुण हे पाहत होता. त्याने हातमोजा दोरीने गुंडाळून त्याचा चेंडू केला, खोलीतच खडूने रेघा आखल्या, आणि खेळ सुरू झाला. बाहेर थंडी होती. वेळ घालवायला काहीतरी हवे होते, एवढेच. पुढे नियम आले, संघटना आल्या. भारतात १९६१ साली सॉफ्टबॉलची संघटना स्थापन झाली आणि १९६७ साली जोधपूरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल प्रथम खेळला गेला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. शोधता शोधता मला आफ्रिकेतील एका स्पर्धेची माहिती मिळाली. तिच्यात खेळणारे लोक कोण होते, हे आधी सांगते.

१९६१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ‘पीस कोअर’ नावाची संस्था सुरू केली. तिचे स्वयंसेवक परदेशात जातात आणि साधारण दोन वर्षे तेथील लोकांमध्ये राहून काम करतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी दवाखान्यात मदत करतो, कोणी शेतकऱ्यांबरोबर झाडे लावतो. त्यांना मोठा पगार नसतो. ज्या भागात जायचे, तेथील भाषा आधी शिकावी लागते. जपाननेही १९६५ साली अशीच योजना सुरू केली.

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. तेथील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. आपल्यासारखेच तेही भेटल्यावर ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणतात. आपल्या धुळे जिल्ह्यात पिकतो तसा भुईमूग तेथेही खूप पिकतो. या देशात १९६३ पासून पीस कोअरचे स्वयंसेवक काम करू लागले. तरुण मुलगा किंवा मुलगी एकटीच एखाद्या खेड्यात राहते. घर हजारो मैल दूर. भाषा अर्धीमुर्धी येते. मनातले बोलायला जवळ कोणी नसते. मी जळगावहून धुळ्याला बी.एड.साठी गेले, तेव्हा पहिला महिनाभर रात्री रडत होते. धुळे तर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर! मग या मुलांचे काय होत असेल?

सेनेगलची राजधानी डाकार येथे अनेक वर्षे या स्वयंसेवकांची सॉफ्टबॉल स्पर्धा भरत असे. सेनेगलमधूनच नव्हे, तर गांबिया, माली अशा शेजारच्या देशांतूनही स्वयंसेवक येत. खेड्यातून दिवसभर गाडीत बसून, धुळीने माखून ते डाकारला पोहोचत. या स्पर्धेत दोन गट असत. पहिला गट खरोखर जिंकण्यासाठी खेळणाऱ्यांचा. दुसरा गट केवळ मजेसाठी खेळणाऱ्यांचा. बहुतेक स्वयंसेवक या दुसऱ्या गटात. ते चित्रविचित्र वेश करून मैदानात उतरत. चेंडू हुकला तरी टाळ्या, पडला तरी टाळ्या. ज्यांनी शाळेत कधी बॅट धरली नव्हती, तेही खेळत. दोन-तीन दिवस आपल्या भाषेत पोटभर बोलून, हसून ते पुन्हा आपापल्या खेड्यात कामाला जात.

असे स्वयंसेवक आपल्या देशातही येऊन गेले. १९६१ ते १९७६ या काळात चार हजारांहून अधिक जण भारतात आले. महाराष्ट्रात येणाऱ्यांना मराठी शिकवली जाई. म्हणजे तुम्ही आज जे बाराखडीचे कष्ट घेता, ते त्यांनीही घेतले! त्यांच्यापैकी एक आजीबाई होत्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या मुंबईतील विक्रोळी येथे आल्या आणि सुमारे दोन वर्षे त्यांनी तेथील दवाखान्यात रुग्णांची सेवा केली. त्या परिचारिका होत्या.

पुढे त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ते भुईमुगाचे शेतकरी. १९७६ सालच्या उन्हाळ्यात, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ते आपल्या प्लेन्स या छोट्याशा गावी सॉफ्टबॉल खेळत. ते स्वतः पिचर. संघात त्यांचे अंगरक्षक. समोर बातमीसाठी आलेले वार्ताहर. आणि त्यांचा सख्खा भाऊ बिली वार्ताहरांच्या बाजूने! मला हे फार आवडले.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, “मग आपणही अशी स्पर्धा घेऊ या.”

बोलणे सोपे होते. धुळ्याच्या एका उर्दू शाळेत माझी बी.एड.ची मैत्रीण शिकवते. तिला मी फोन केला. ती लगेच तयार झाली. पण आमच्याकडे प्रश्न सुरू झाले. खेळाचे सर म्हणाले, “यात सराव काय होणार?” मुख्याध्यापकांनी विचारले, “बसभाडे कोण देणार?” सर्वांत अवघड प्रश्न त्या मुलीच्या वडिलांनी विचारला. “आपा, याचे प्रमाणपत्र मिळेल का? दहावीला गुण वाढतील का?” शालेय स्पर्धांत पुढे गेलेल्या खेळाडूंना दहावीत वाढीव गुण मिळतात, हे त्यांना ठाऊक होते. मी म्हणाले, “नाही, यात काहीच मिळणार नाही.” ते गप्प झाले. त्यांचे चुकत होते असे मला वाटत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने एका दिवसाचा खर्च का करावा? तेवढ्यात आतून तिच्या अम्मीचा आवाज आला. “दोन वर्षे दुसऱ्यांची पिशवी उचलते आहे. एक दिवस स्वतःसाठी जाऊ द्या.”

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोहोचलो. नियम आम्हीच ठरवले होते. जी मुलगी आजवर एकाही सामन्यात खेळली नाही, तीच खेळणार. पिचरने चेंडू सावकाश टाकायचा. प्रत्येकीने बॅट धरायचीच, शिक्षिकांनीसुद्धा. माझे तीनही चेंडू हुकले. माझ्याच वर्गातल्या मुलींनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की मला त्यांचे गृहपाठ आठवले.

मग ती आली. पहिला चेंडू आला. तिने सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि बॅट फिरवली. टक्! चेंडू पिचरच्या डोक्यावरून गेला. तिने डोळे उघडले, क्षणभर बॅटकडे पाहिले आणि धावत सुटली. पण उजवीकडे नव्हे, डावीकडे, थेट तिसऱ्या बेसकडे! “उलटी! उलटी!” दोन्ही संघ ओरडू लागले. ती मध्येच थांबली, वळली आणि सरळ मैदान कापत पहिल्या बेसकडे पळाली. चेंडू धरलेली धुळ्याची मुलगी तर हसता हसता खालीच बसली. पंचांनी शिट्टी वाजवली. नियमाने ती बाद होती. त्यांनी आम्हां दोघी शिक्षिकांकडे पाहिले. आम्ही मान हलवली. ते म्हणाले, “बेटी, पुन्हा मार.”

दुपारी सर्वांनी मिळून डबे खाल्ले. आमच्याकडे वांग्याचे भरीत आणि पुऱ्या होत्या. भरीत धुळ्याच्या मुलींनीच संपवले.

परत येताना पारोळ्याच्या पुढे कोणाला तरी आठवले, की सामना जिंकला कोणी? गुणवही पिशवीत कोरीच होती. ती लिहिणारी त्या दिवशी मैदानात होती. आठ दिवसांनी धुळ्याहून पत्र आले. त्या मुलींच्या मते त्या तीन धावांनी जिंकल्या. आमच्या मुलींनी उत्तर पाठवले, की आम्ही दोन धावांनी जिंकलो. पत्र तिनेच लिहिले, त्याच मोत्यांसारख्या अक्षरांत. खाली एक ओळ तिने मला न विचारता घातली होती : “भरीत पुढच्या जानेवारीत मिळेल. जळगावला या.”

शब्दार्थ
ओसरणे – कमी होणे. परगावी – दुसऱ्या गावी. घेर – गोल वस्तूभोवतीचे माप. जल्लोष – आनंदाचा गोंधळ. धामधूम – गडबड, धावपळ. वार्ताहर – बातम्या देणारा. हातावर पोट असणे – रोज कमावून रोज खाणे.

स्वाध्याय
१. मुलीने बसमध्ये कोणता प्रश्न विचारला? तो तिला का पडला असेल?
२. डाकारच्या स्पर्धेतील दोन गटांत काय फरक होता?
३. मुलीच्या वडिलांचे म्हणणे तुम्हांला पटते का? कारण सांगा.
४. ‘टाकणे’ हे क्रियापद पाठात कोणकोणत्या अर्थांनी आले आहे, ते शोधा.
५. तुमच्या वर्गात नेहमी बाहेर बसून खेळ पाहणाऱ्या एखाद्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी पाच वाक्ये लिहा.