व्यूहात्मक व्हिडिओ खेळांची बीटा चाचणी : स्वयंसेवी श्रमाचे अर्थशास्त्र

कोणतेही यंत्र किंवा वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याची कसून चाचणी घेतली जाते. त्यासाठी उत्पादक वेतन देऊन तज्ज्ञ नेमतो आणि तो खर्च उत्पादनाच्या किमतीत धरतो. व्हिडिओ खेळांच्या उद्योगात मात्र या कामाचा मोठा भाग खेळाडूच विनावेतन करतात. त्यांचे हे काम श्रम मानावे की मनोरंजन? ते उत्पादक असेल, तर त्याचे मूल्य कोणाच्या पदरात पडते? श्रम, वेतन आणि राष्ट्रीय उत्पन्न या संकल्पनांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना या लहानशा उदाहरणातून बरेच शिकता येईल.

चाचणीचे दोन टप्पे

ग्रीक वर्णमालेतील पहिल्या दोन अक्षरांवरून या टप्प्यांना नावे मिळाली आहेत. अल्फा चाचणी सामान्यतः निर्मिती संस्थेच्या अंतर्गत होते. खेळ बव्हंशी तयार झाल्यावर तो बाहेरच्या खेळाडूंच्या हाती देतात, ती बीटा चाचणी होय. निवडक खेळाडूंना, बहुधा गोपनीयतेच्या करारावर, प्रवेश दिला तर ती बंदिस्त चाचणी. सर्वांना मुभा असेल तर ती खुली चाचणी. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळाची बंदिस्त चाचणी फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये खेळ प्रकाशित झाला.

व्यूहात्मक खेळांची विशेष अडचण

व्यूहात्मक खेळात नगरे वसवणे, साधनसंपत्तीचे वाटप, व्यापार, संशोधन व युद्ध यांविषयी खेळाडूला सतत निर्णय घ्यावे लागतात. प्रत्येक खेपेस केवळ १० पर्याय आहेत असे मानले, तरी १० खेपांनंतर निर्णयांचे १,००० कोटी निरनिराळे क्रम संभवतात. काही मोजक्या वेतनी परीक्षकांना ते सर्व तपासणे अशक्य आहे.

शिवाय येथील दोष दोन प्रकारचे असतात. पहिला तांत्रिक : खेळ मध्येच बंद पडणे किंवा आकडेमोड चुकणे. दुसरा समतोलाचा : नियम बिनचूक चालतात, पण एकच डावपेच इतर सर्वांहून सरस ठरतो. द्यूत सिद्धांतात याला वर्चस्वी डावपेच म्हणतात. प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी जो पर्याय अधिक लाभ देतो, तो वर्चस्वी होय. असा डावपेच सापडला की निवडीला अर्थ उरत नाही आणि खेळातील रस संपतो. तांत्रिक दोष यंत्राकरवी शोधता येतो. समतोलाचा दोष मात्र जिंकण्यासाठी जिद्दीने खेळणारा माणूसच सहसा उघड करतो.

‘सिव्हिलायझेशन’चा दाखला

सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा पहिला भाग १९९१ मध्ये आला. मालिकेच्या आरंभीच्या भागांत कसलेल्या खेळाडूंनी एक युक्ती हुडकून काढली होती : मोजकी नगरे विकसित करण्याऐवजी लहान लहान नगरे दाटीवाटीने व अमर्याद वसवत जाणे. प्रत्येक नव्या नगराचा सीमान्त लाभ त्याच्या सीमान्त खर्चाहून अधिक राहत असल्याने ही युक्ती वर्चस्वी ठरत असे. २००१ मधील तिसऱ्या भागात राजधानीपासून दूरच्या नगरांचे उत्पन्न भ्रष्टाचारापोटी घटवून तिला आवर घालण्याचा प्रयत्न झाला. परंतु आपण वसवलेले नगर निरुपयोगी ठरणे खेळाडूंना जाचक वाटे.

ऑक्टोबर २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या चौथ्या भागाचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी वेगळा मार्ग निवडला. नगरांची संख्या आणि राजधानीपासूनचे अंतर यांनुसार देखभाल खर्च वाढत जाईल अशी योजना त्यांनी केली. म्हणजेच विस्ताराचा सीमान्त खर्च वाढता ठेवला आणि विस्तार केव्हा थांबवावा हा निर्णय खेळाडूवर सोपवला. बंदी घालण्याऐवजी खर्चाच्या साहाय्याने वर्तन वळवणे हे करविषयक धोरणाचे परिचित तत्त्व येथे दिसते. या भागाच्या प्रकाशनापूर्वीच चाहत्यांच्या समुदायातून निवडलेल्या खेळाडूंना तो खेळण्यास देऊन त्यांचे अभिप्राय घेतले गेले होते, हे ध्यानात घ्यावे.

स्वयंसेवक का राबतात?

याची तीन कारणे संभवतात. पहिले, आंतरिक प्रेरणा : खेळण्याचा आनंद आणि आवडत्या कृतीला आकार देण्याचे समाधान. दुसरे, स्वतःची गरज. एरिक फॉन हिप्पेल यांनी १९८६ मध्ये ‘अग्रणी वापरकर्ता’ ही संकल्पना मांडली. काही ग्राहकांना बाजाराच्या आधीच नव्या गरजा जाणवतात आणि उपाय मिळाल्यास त्यांचा लाभही मोठा असतो. म्हणून ते सुधारणेसाठी स्वतःहून कष्ट घेतात. तिसरे, संकेत. जोश लर्नर आणि जाँ तिरोल यांनी २००२ मधील निबंधात मुक्त संगणकप्रणालींच्या संदर्भात दाखवले की, विनामूल्य योगदानातून व्यक्तीचे कौशल्य इतरांच्या नजरेत येते व पुढे रोजगाराची संधी मिळू शकते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. स्वयंसेवक हे यादृच्छिक नमुना नसतात; ते बहुधा निष्णात व उत्साही असतात. केवळ त्यांच्या मताने खेळ घडवला तर नवशिक्यास तो अवघड जातो. नमुना निवडीतील हा दोष सर्वेक्षणाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखता यायला हवा.

मूल्य कोणाचे?

वेतन शून्य असले तरी श्रमाचा खर्च शून्य नसतो. स्वयंसेवकाने दिलेल्या वेळेला संधी खर्च असतोच. त्याच्या श्रमाने खेळाचा दर्जा वाढतो, विक्री वाढते. पण त्याला वेतन दिले नसल्याने राष्ट्रीय लेख्यांत ते मूल्य श्रमिकांच्या मोबदल्यात न दिसता कंपनीच्या वाढाव्यात मिसळून जाते. आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या १९ व्या परिषदेने २०१३ मध्ये स्वयंसेवी कामाला कामाचा स्वतंत्र प्रकार मानले आणि बाजारासाठी उत्पादन करणाऱ्या संस्थांसाठी केलेले असे कामही त्यात धरले. भारतात २०१९ व २०२४ मध्ये झालेल्या वेळ वापर सर्वेक्षणांचे महत्त्व यासाठीच आहे. पैशात न मोजलेले काम निदान वेळेत तरी मोजता येते.

मनोरंजन व श्रम यांतील रेषा कायद्यालाही सहज आखता आलेली नाही. खेळांच्या चाचणीशी मिळतेजुळते उदाहरण अमेरिकेतील आहे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या संवादकक्षांची देखरेख सवलतीच्या बदल्यात स्वयंसेवक करीत. आपण वस्तुतः कर्मचारी होतो असे सांगत त्यांच्यापैकी काहींनी १९९९ मध्ये किमान वेतनासाठी दावा दाखल केला. तो २०१० मध्ये १.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

दुसऱ्या टोकाला परीक्षक स्वतःच पैसे मोजतो. स्टीम या विक्रीमंचाने २०१३ मध्ये अपूर्ण खेळ आगाऊ विकण्याची सोय सुरू केली. जॉन्सन यांचाच ‘ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी’ हा मंगळ ग्रहावरील व्यापाराचा खेळ फेब्रुवारी २०१५ मध्ये असा विक्रीस आला व एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाला. यात ग्राहक किंमत देतो, दोष कळवतो आणि खेळ अपूर्ण राहण्याचा धोकाही पत्करतो.

तिसरा मार्ग सामाईक मालकीचा. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा व्यूहात्मक खेळ मुक्त परवान्याखाली आहे. त्याच्या विकासाधीन आवृत्त्या कोणीही घेऊन तपासू शकतो. सुधारलेला खेळ पुन्हा सर्वांनाच मोकळा मिळत असल्याने येथे स्वयंसेवकाच्या श्रमाचे फळ कोणा एकाच्या नफ्यात अडकून पडत नाही.

भारतासाठी बोध

केंद्रीय अर्थसंकल्पात फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दलाची घोषणा झाली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळांना प्रोत्साहनाची भूमिका घेतली. देशात खेळनिर्मिती वाढेल तसे स्वयंसेवी परीक्षकही वाढतील. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील गिग कामगाराच्या व्याख्येत कामातून उत्पन्न मिळवणे अभिप्रेत आहे. त्यामुळे विनावेतन परीक्षक तिच्या कक्षेबाहेर राहतो.

प्रत्येक हौशी खेळाडूला कर्मचारी ठरवणे व्यवहार्य नाही व इष्टही नाही. कामाच्या वेळा कंपनी ठरवत असेल, ठरावीक अहवाल बंधनकारक असतील आणि त्या कामामुळे वेतनी पद वाचत असेल, तर तो सहभाग हौस न राहता रोजगार होतो. एरवी अटी आधी स्पष्ट करणे, श्रेयनामावलीत नाव देणे आणि कळवलेल्या दोषाचे काय झाले हे सांगणे, एवढे तरी निर्मात्याने केले पाहिजे. स्वेच्छेने दिलेला श्रम मोलाचा असतो. त्याला किंमत नाही असे समजणे ही हिशेबातील चूक होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वर्चस्वी डावपेच म्हणजे काय, हे सांगून वाढत्या सीमान्त खर्चाने त्याला आळा कसा बसतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.

२. विनावेतन श्रमाचे मूल्य राष्ट्रीय लेख्यांत स्वतंत्रपणे का दिसत नाही? वेळ वापर सर्वेक्षणाची उपयुक्तता लिहा.

३. ‘स्वयंसेवी सहभाग आणि रोजगार यांतील सीमारेषा नियंत्रणाच्या स्वरूपावर ठरते.’ चर्चा करा.