तेल वेगळे, पाणी वेगळे

मुलांनो, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई नावाचे गाव आहे. हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात येथून मिरचीने भरलेले ट्रक दूरदूरच्या शहरांकडे जातात. पावसाळ्यात अशा बाजाराच्या रस्त्यावरील डबक्याकडे कधी नीट पाहा. एखाद्या गाडीतून गळलेले तेल पाण्यावर पसरलेले असते. त्यावर लाल, निळे, हिरवे रंग चमकतात. ते दिसायला सुंदर असते. पण ते पाणी गुरांना पाजता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही.

हे तेल पाण्यातून परत काढता येईल का? चला, पाहू या.

आधी एक सोपा प्रयोग करा. काचेच्या बाटलीत पाणी घ्या आणि त्यात दोन चमचे गोडेतेल टाका. झाकण लावून बाटली जोराने हलवा. क्षणभर सारे एकजीव झाल्यासारखे वाटेल. आता बाटली टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात तेल वर येऊ लागेल. घरी शिजलेल्या सालनावर तर्री येते, तीही याच कारणाने. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम असते, तर एक लिटर गोडेतेलाचे सुमारे ९२० ग्रॅम. हलके ते वर, जड ते खाली!

मग प्रश्न सुटला, असे तुम्हांला वाटेल. पण बाटलीतले पाणी अजून थोडे गढूळ दिसते ना? त्यात तेलाचे अतिशय बारीक थेंब अडकलेले असतात. थेंब जितका लहान, तितका तो हळू वर चढतो. थेंबाची जाडी दहापट कमी झाली, तर त्याला शंभरपट वेळ लागतो. मोठा थेंब दहा मिनिटांत वर आला, तर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या थेंबाला सोळा तासांहून अधिक वेळ लागेल.

कारखान्याला एवढे थांबता येत नाही. जालना शहराचेच उदाहरण घ्या. हे शहर पोलादी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सळ्या तयार करताना लालबुंद पोलाद फिरत्या रुळांमधून दाबून काढतात. रूळ आणि सळ्या थंड करण्यासाठी त्यांवर पाणी सोडतात. या पाण्यात लोखंडाचे पापुद्रे आणि यंत्रांचे तेल मिसळते. असे पाणी साफ केले, तर ते पुन्हा वापरता येते. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ सालचा भीषण दुष्काळ पाहिला, तेथे पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पाण्यातून तेल काढण्याचे काम पायरीपायरीने चालते.

पहिली पायरी टाकीची. टाकीत पाणी संथपणे वाहते. पापुद्रे तळाशी बसतात व मोठे थेंब वर येतात. वर आलेले तेल एका फिरत्या पट्ट्याला चिकटते. एक पाते ते खरवडून डब्यात पाडते.

दुसरी पायरी तिरप्या पत्र्यांची. हे पत्रे थोडे थोडे अंतर ठेवून एकावर एक बसवलेले असतात. थेंब दोन-चार सेंटीमीटर चढला, की त्याला वरचा पत्रा लागतो. तेथे थेंब एकमेकांना मिळतात, मोठे होतात आणि पत्र्याच्या कडेने वर सरकतात.

तिसरी पायरी फिल्टरची. चहाची गाळणी चहापत्ती अडवते. तेलाचा थेंब मात्र मऊ असतो. तो दबतो, लांबतो आणि छिद्रातून निसटतो. म्हणून या फिल्टरची युक्ती निराळी आहे. त्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू दाट भरलेले असतात. पाणी त्यांतून निघून जाते, तेल तंतूंना चिकटते. मागून येणारे थेंब त्याला मिळतात. थेंब पुरेसा मोठा झाला, की तंतू सोडून वर येतो. म्हणजे हा फिल्टर तेल गाळत नाही, तर ते जमवतो!

साबणाच्या पाण्यातले तेल सर्वांत हट्टी. साबण थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. मग तुरटीसारखे पदार्थ टाकून थेंबांचे पुंजके बनवतात. खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडून ते पुंजके वर आणतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबाने नेतात. प्रत्येक पायरीला खर्च वाढत जातो.

आपल्या देशातील नियमानुसार, नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात एका लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नसावे. आता एक हिशोब करू. कोणी पाच लिटर काळे ऑइल नाल्यात ओतले. त्याचे वजन सुमारे ४४०० ग्रॅम. ते या मर्यादेत यायला किती पाणी लागेल? ४ लाख ४० हजार लिटर! म्हणजे दहा हजार लिटरचे ४४ टँकर. दुष्काळात एका टँकरसाठी लोक हंडे घेऊन किती वेळ उभे राहतात, ते आठवा.

मुलांनो, तेल पाण्यात मिसळायला एक क्षण पुरतो; ते वेगळे करायला टाक्या, पत्रे, फिल्टर आणि वीज लागते. गावच्या नाल्यावर यांपैकी काहीच नसते. म्हणून गॅरेजवाल्या चाचांना सांगा, "काळे ऑइल जमिनीवर ओतू नका, डब्यात साठवा." नोंदणी केलेले कारखाने ते शुद्ध करून पुन्हा वापरण्याजोगे करतात. सर्वांत चांगला फिल्टर कोणता? पाण्यात तेल जाऊच न देणारा आपला हात!

शब्दार्थ
एकजीव होणे – पूर्णपणे मिसळणे
पापुद्रा – पातळ थर
तंतू – धागा
पुंजका – लहान गोळा, झुपका
मोल – किंमत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेल पाण्यावर का तरंगते?
(आ) तेलाचा थेंब गाळणीतून का निसटतो?
२. "हा फिल्टर तेल गाळत नाही, तर ते जमवतो." हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
३. बाजार, कारखाना, साफ, हवा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
४. तुमच्या गावातील गॅरेजमध्ये काळ्या ऑइलचे काय करतात, ते विचारा व पाच ओळी लिहा.