भाताच्या शेताचे खाणे

आमच्या गावात भात हे मुख्य पीक आहे. भाताला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन अन्ने जास्त लागतात. नत्राने पाने हिरवीगार होतात व फुटवे येतात. स्फुरदाने मुळे वाढतात. पालाशने रोप काटक होते.

१०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यात जवळजवळ २१ किलो. पण १०० किलो शेणखतात नत्र सुमारे अर्धा किलोच असते. एका पोत्याएवढ्या नत्राला ४ टनांहून जास्त शेणखत लागेल! हे गणित मी घरी सांगितले. बाबा म्हणाले, "मग शेण वाहायचं कशाला? एक पोतं टाकलं की झालं." आजी म्हणाली, "आणि जमिनीला काय घालशील?"

दोघांत कोणाचे खरे? गुरुजी म्हणाले, याचे उत्तर एका वर्षात मिळत नाही. म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली देशात अनेक ठिकाणी लांब मुदतीचे प्रयोग सुरू केले. ओडिशात भुवनेश्वरला हा प्रयोग भातावर आहे. शेताचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला दर वर्षी ठरलेलेच खत द्यायचे. या प्रयोगांत असे दिसले, की नुसते नत्र दिले तिथे पीक पुढे पुढे कमी पडत गेले. कारण स्फुरद आणि पालाश पिकाने उचलले, ते परत कोणी घातलेच नाही. तिन्ही अन्ने आणि जोडीला शेणखत दिले तिथे पीक चांगले टिकले. शेणखतात जस्तासारखी थोडी थोडी लागणारी अन्नेही असतात. जमीन भुसभुशीत राहते व पाणी धरते.

आम्ही वर्गात दोन पेल्यांत पाणी घेतले. एकात शेणखताच्या शेतातले वाळलेले ढेकूळ सोडले, दुसऱ्यात नुसत्या युरियाच्या शेतातले. दुसरे लगेच विरघळून पाणी गढूळ झाले. पहिले बराच वेळ तसेच राहिले.

पण आमचे बैल विकले. आता चिखलणी पावर टिलरने होते. टिलर शेण देत नाही. उकिरडा लहान झाला, तो घराजवळच्या खाचरालाच पुरतो. लांबच्या खाचराला काय घालायचे?

गुरुजींनी उपाय सांगितला. बांधावर गिरीपुष्प लावावे. त्याचा कोवळा पाला लावणीच्या आधी चिखलात गाडला की हिरवळीचे खत होते. फांदी खोचली तरी ते जगते. या पावसात मी लांबच्या बांधावर १० फांद्या लावणार आहे. बाबा म्हणाले, "लाव. बघू या."

मुलांनो, तुमच्याही बांधावर लावा.

— इयत्ता चौथी