ताप आला? अंगावर काळी खपली आहे का बघा

भगिनींनो, धानाचं निंदण सुरू झालं की घरोघरी ताप दिसतो. आपण म्हणतो, "कामाचा ताप आहे, उतरेल." एक गोळी घेतो आणि पुन्हा बांधीत जातो. पण हा ताप स्क्रब टायफसचाही असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या आजाराने माणसे दगावली.

कसा होतो?
गवतात, झुडपात, उंदरांच्या वावराच्या जागी गोचिडाच्या जातीचा अगदी बारीक जीव असतो. त्याची अळी चावली तर दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. तिच्यातून जंतू अंगात जातात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतात. अस्तर सुजतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. मग फुप्फुस, किडनी, लिव्हर, मेंदू यांवर परिणाम होतो. हा आजार एकमेकींना लागत नाही.

ओळखायचा कसा?
चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती काखेत, स्तनाखाली, कमरेला, जांघेत असते. लाजेमुळे आपण ती दाखवत नाही, डॉक्टरलाही सांगत नाही. घरच्या बाईकडून किंवा आशाताईकडून बघून घ्या. खपली नसली तरी आजार असू शकतो.

तपासणी आणि औषध
मलेरिया, डेंग्यूची तपासणी कराच. ती निगेटिव्ह आली आणि ताप कायम असेल, तर "स्क्रब टायफसची तपासणी करायची का?" असं विचारा. शेतात, जंगलात गेल्याचंही सांगा. पहिल्या काही दिवसांत रक्ततपासणीत आजार दिसत नाही, म्हणून डॉक्टर लक्षणांवरूनच औषध सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन हे मुख्य औषध आहे. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेकींचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. तरी कोर्स पूर्ण करा. मनाने गोळ्या घेऊ नका.

लगेच दवाखान्यात न्या: धाप लागणे, बडबडणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे.

काळजी: पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. गवतावर बसू-झोपू नका. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे धुवा. घराजवळचं गवत कापा.

येत्या बैठकीत प्रत्येकीने विचारा: आपल्या गटात कोणाला पाच दिवसांपासून ताप आहे? असेल तर तिला एकटीला पाठवू नका, एकीने सोबत जा.