गृहमाता नेमताना मुलींना विचारा

आमच्या संस्थेच्या मुलींच्या बालगृहात गृहमाता, समुपदेशक किंवा रात्रपाळीची काळजीवाहक नेमायची असली की उमेदवाराच्या दोन मुलाखती होतात. एक कार्यालयात, विश्वस्तांसमोर. दुसरी अभ्यासिकेत, मुलींसमोर. सुरुवातीला याला पोरखेळ म्हणणारे बरेच होते. आता इतर संस्थांतली मंडळी पद्धत विचारायला येतात. त्यांना सांगतो तेच इथे मांडतो.

१. मुलींच्या हातात काय आहे, ते आधी ठरवा.
शिक्षण, पगार, आधीच्या ठिकाणची चौकशी, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी ही मोठ्यांची कामं. त्यातून पार पडलेल्या उमेदवारच मुलींपुढे जातात. म्हणजे त्यांनी कुणालाही पसंत केलं तरी अडचण येत नाही. मुलींनी एकमुखानं ‘नको’ म्हटलं, तर आम्ही नेमणूक करत नाही. एवढा अधिकार देण्याची तयारी नसेल तर त्यांना बसवूच नका. फोटोपुरतं बसवलेलं मुलांना लगेच कळतं.

२. नुसत्या बोलक्या मुली घेऊ नका.
बाल न्याय कायद्याच्या २०१६च्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वयोगटांच्या बाल समित्या हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडे सणवार आणि जेवणाचा तक्ता एवढंच येतं. आम्ही मुलाखतीचा गट याच समित्यांतून घेतो, पण एक जागा चिठ्ठी टाकून भरतो. गप्प बसणाऱ्या मुलीला संधी मिळते ती त्या चिठ्ठीमुळे. अठरा पूर्ण करून बाहेर पडलेल्या एखाद्या ताईलाही बोलावतो. तिला प्रवासखर्च आणि मानधन देतो. परीक्षेच्या दिवसांत मुलाखती ठेवत नाही.

३. प्रश्न त्यांचेच राहू द्या.
विश्वस्त विचारतात, ‘बालहक्कांबद्दल काय माहीत आहे?’ उमेदवार पाठ केलेलं उत्तर देतात. मुलींचे प्रश्न रात्रीचे असतात. ‘पाळी आली आणि अंथरूण खराब झालं, तर काय कराल?’ असं एकीनं विचारलं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या एक बाई स्वच्छतेच्या महत्त्वावर बोलू लागल्या. दुसऱ्या म्हणाल्या, ‘आधी दुसरी चादर देईन. खराब झालेली गुपचूप भिजत घालीन. बोलायचं ते सकाळी.’ गटातल्या सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आणखी एक प्रश्न दर वेळी येतो: ‘आधीची नोकरी सोडली, तेव्हा तिथल्या मुलांना सांगून निघालात का?’ न सांगता निघून गेलेली माणसं या मुलींनी पुष्कळ पाहिली आहेत.

४. काय विचारायचं नाही, तेही शिकवा.
जात, धर्म, लग्न, नवरा, मूल यांवर प्रश्न नाहीत. आत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. उमेदवारालाही ताकीद असते, की मुलींना ‘तू इथे कशी आलीस?’ विचारायचं नाही. आदल्या दिवशी समुपदेशक उमेदवार बनून बसतात आणि मुली त्यांच्यावर सराव करतात. मुद्दाम उडवाउडवीची उत्तरं दिली की उलटप्रश्न विचारायला त्या आपोआप शिकतात.

५. खुर्चीवरची मुलाखत पुरत नाही.
उमेदवार दुपारी मुलींच्या पंगतीत जेवतात. एकदा एक बाई आम्हा सगळ्यांना फार आवडल्या होत्या. लहान गटातली मुलगी म्हणाली, ‘अधीक्षिका मॅडम होत्या तोवर आमच्याशी बोलत होत्या. मॅडम उठून गेल्या, तेव्हा मोबाईल काढला.’ हे कार्यालयातून कधीच दिसलं नसतं.

६. गुणांपेक्षा कारण मागा.
दहापैकी आठ म्हणजे काय, ते मुलींनाही सांगता येत नाही. म्हणून आमच्या कागदावर दोनच रकाने आहेत: ‘काय पाहिलं’ आणि ‘काय ऐकलं’. ‘चांगल्या वाटल्या’ एवढ्यावर कागद घेत नाही. मोठ्यांनाही हाच कागद भरावा लागतो.

७. निर्णय त्याच संध्याकाळी सांगा.
मुलींची पहिली पसंती डावलली, तर कारण आम्ही स्वतः सांगतो. सगळं सांगण्यासारखं नसेल तर तेवढंही स्पष्ट म्हणतो. मुली नाराज होतात, पण पुढच्या वेळी पुन्हा येऊन बसतात. निरोपच आला नाही, तर येत नाहीत.

८. जुन्या कर्मचाऱ्यांना आधी विश्वासात घ्या.
‘उद्या पोरी आम्हालाच काढतील’ ही भीती खरी असते. निवड वेगळी आणि तक्रार वेगळी, हे लेखी ठेवा. निवडीच्या बैठकीत सध्याच्या कुणाचंही नाव काढू देत नाही. तक्रारीची वाट स्वतंत्र आहे.

९. मुली लाड करणारीला निवडत नाहीत.
मुलं ढिलं माणूस निवडतील, हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकला. आमचा अनुभव उलटा आहे. फार गोड बोलणाऱ्या बाईंबद्दल एकीनं लिहिलं होतं, ‘या टिकणार नाहीत.’ पसंत पडल्या त्या ‘रात्री दहानंतर फोन मिळणार नाही’ असं तोंडावर सांगून कारणही देणाऱ्या. नियम मोडल्यावर ओरडा बसेल, हे मुलींना मान्य असतं. आज एक आणि उद्या दुसरं, हे त्यांना चालत नाही. परिविक्षा काळ संपताना आम्ही नव्या गृहमातेबद्दल त्यांना पुन्हा विचारतो आणि त्यांचं म्हणणं कायम करण्याच्या फाइलीला जोडतो.