‘नेट’ म्हणजे नक्की काय? जाळं, निव्वळ आणि आपला खरा नफा



या आठवड्याच्या व्हिडिओत एक शब्द मी घाईघाईत उरकला. तोच आज इथे सावकाश घेऊ. शब्द साधा आहे, ‘नेट’. रोज दहा वेळा आपल्या तोंडात येतो. पण मी तो निवडला त्यामागे एक प्रकरण आहे, आणि त्यात माझीही चूक आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

नागावच्या बाजूला एक जोडपं होमस्टे चालवतं. दोन खोल्या, मागे नारळ-सुपारीची वाडी, बस्स. दिवाळीच्या आधी त्यांना एका बुकिंग एजंटचा फोन आला. “रूमचा नेट काय लावताय?” ताईंनी मला विचारलं, “सर, ते नेट विचारतायत. काय सांगू?” मी गाडी चालवत होतो. म्हणालो, “द्या सांगून अडीच हजार नेट.” झालं!

आता ताईंच्या डोक्यात नेट म्हणजे निव्वळ. निव्वळ खोली. नाश्ता, संध्याकाळचा चहा वेगळा. एजंटच्या भाषेत मात्र ‘नेट रेट’ म्हणजे सगळं धरून तुमच्या हातात पडणारी शेवटची रक्कम. त्यावर तो आपलं कमिशन चढवतो आणि गिऱ्हाइकाला विकतो. त्यामुळे पाहुणे आले ते “नाश्ता इन्क्लूडेड आहे ना?” असं विचारतच. पहिल्याच बुकिंगला भांडण नको म्हणून दादांनी पोहे दिले, आणि मग तेच चालू राहिलं. मे संपल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. एजंटकडून ८० रूम-नाइट्स झाल्या होत्या. दोघांचा नाश्ता आणि चहा मिळून सामानाचाच खर्च १८० रुपये. म्हणजे १४,४०० रुपये गेले. गॅस आणि ताईंचं पहाटे पाचला उठणं यात धरलेलंच नाही.

एजंटने फसवलं का? नाही. त्याने त्याच्या धंद्यातला शब्द वापरला. शब्दाचा अर्थ न विचारता उत्तर दिलं ते मी.

तर आता शब्दाकडे येऊ. गंमत अशी की इंग्रजीत ‘नेट’ हा एक शब्द नाहीच. दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या घरांतून आलेले, आणि योगायोगाने स्पेलिंग एकच.

पहिला नेट म्हणजे जाळं. हा जुन्या इंग्रजीतला, अस्सल जर्मन कुळातला शब्द. जर्मन भाषेत आजही जाळ्याला ‘नेट्झ’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर हा नेट समजवायची गरजच नाही. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरुड, कुठेही कोळीवाड्यात जा, अंगणात जाळं विणत किंवा सांधत बसलेलं कोणीतरी दिसेल. डोल जाळं बघा. तोंड मोठं, शेपटाकडे निमुळतं होत जाणारी पिशवीच ती. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर उभी करून ठेवायची. पाणी निघून जातं, बोंबील आणि जवळा आत राहतात.

याच जाळ्यापासून ‘नेटवर्क’ झालं. सोळाव्या शतकात इंग्रजीत नेटवर्क म्हणजे खरोखर जाळीचं काम, दोऱ्याचं किंवा तारेचं. मग रस्त्यांचं जाळं, रेल्वेचं जाळं, आणि शेवटी कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरची अनेक जाळी एकमेकांना जोडली की ‘इंटरनेट’. १९७४ साली अमेरिकेत याचे नियम मांडणारा जो सुरुवातीचा दस्तऐवज निघाला, त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते योगेन दलाल, आपल्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यामुळे “काशीदला नेट नाही” असं पाहुणा वैतागून म्हणतो तेव्हा तो जाळ्याबद्दलच बोलत असतो. मच्छरदाणीचं नेट, नेटची साडी, क्रिकेटची नेट प्रॅक्टिस, सगळी याच घरातली. (प्राध्यापक व्हायची ‘नेट’ परीक्षा तिसरीच, ती नुसती आद्याक्षरं आहेत.)

दुसरा नेट आपल्या कामाचा. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. लॅटिनमध्ये ‘नितिदुस’ म्हणजे चकचकीत, लखलखीत. त्याचं फ्रेंचमध्ये ‘नेट’ झालं, अर्थ स्वच्छ. इंग्रजीतला ‘नीट’, म्हणजे ‘नीट अँड क्लीन’ मधला, त्याचाच सख्खा भाऊ. इटलीचे व्यापारी ‘नेत्तो’ म्हणायचे. मालातलं नको ते सगळं काढून टाकल्यावर जे स्वच्छ उरतं, ते नेट.

आता आपला शब्द बघा, निव्वळ. गढूळ पाणी कळशीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. निवळ म्हणजे स्वच्छ, आणि त्यावर जोर दिला की निव्वळ. तिकडचा व्यापारी आणि इकडचा व्यापारी एकमेकांना न विचारता एकाच कल्पनेवर आले. मला हे फार आवडतं. कारण यातून एक प्रश्न आपोआप हातात येतो: गाळ कोणता? समोरच्याने नेट म्हटलं की विचारायचं, “काय काय काढून नेट?” एजंटने कमिशन काढून नेट म्हटलं होतं, ताईंनी नाश्ता काढून नेट ऐकलं. दोघंही बरोबर होते, गाळ वेगळा होता.

नेटचा जोडीदार ‘ग्रॉस’. फ्रेंच ‘ग्रो’ म्हणजे जाडजूड, मोठा. त्यातूनच बारा डझनांचा, १४४ नगांचा ग्रॉसही आला. बटणं, पेन्सिली घाऊक घेणाऱ्यांना तो माहीत असेल. हिशेबात मात्र ग्रॉस म्हणजे गाळासकट सगळं.

आणि या दोघांच्या मधला शब्द तुमच्या घरातच आहे, फक्त लक्ष गेलं नसेल. डिजिटल वजनकाट्यावर एक बटण असतं, ‘टेअर’. हा शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ टाकून दिलेलं, वगळलेलं. अरबांशी व्यापार करताना तो भूमध्य समुद्राकाठच्या भाषांत गेला आणि तिथून इंग्रजीत. आपल्या चौलच्या बंदराला हे व्यापारी काही नवीन नव्हते. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला आणि इथे राहणाऱ्या अरब, इराणी लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. असो. मुद्दा बटणाचा. रिकामं भांडं काट्यावर ठेवा, टेअर दाबा, आकडा शून्य होतो, आता माल भरा. जुन्या तराजूला पासंग लावून पारडी सारखी करायचे, तसलंच काम.

हे बटण न दाबल्याने काय होतं ते सांगतो. सुक्या जवळ्याचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. झिपची पिशवी समजा ८ ग्रॅमची. तुम्ही पिशवीसकट २०० भरलंत, तर गिऱ्हाइकाला मिळाला १९२ ग्रॅम जवळा. लीगल मेट्रॉलॉजीचे २०११ चे पॅकबंद मालाचे नियम स्पष्ट आहेत: पाकिटावर लिहायचं ते वेष्टन वगळून असलेलं निव्वळ वजन. मागच्या एका प्रदर्शनात मी बचत गटांची पाकिटं सहज काट्यावर ठेवून पाहिली. बऱ्याच जणींची पिशवीसकट भरलेली निघाली. कोणाच्याही मनात खोट नव्हती, बटण माहीत नव्हतं. पण तपासणीला आलेला निरीक्षक मनात बघत नाही, काट्यावर बघतो. शिवाय जवळा हवेत उघडा राहिला तर आणखी सुकून हलका होतो, तेव्हा दोन-चार ग्रॅम जास्तच भरा.

मिठाच्या पाण्यातली करवंदं किंवा कैरीच्या फोडी विकणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. बरणीचं वजन वगळलं तरी आत पाणी असतंच, आणि ते कोणी खात नाही. म्हणून खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांत अशा मालावर निव्वळ वजनासोबत पाणी निथळून उरलेलं वजनही द्यावं लागतं. नेटमधूनही पुन्हा गाळ काढायचा!

अलिबागचा पांढरा कांदा माळेने विकतो तोवर हा प्रश्न येत नाही. तोच तुम्ही किलोने ऑनलाइन पाठवायला लागलात की वेणीची सुकी पात वजनात धरायची की नाही, हे आधी लिहून ठेवा. भांडण तिथेच होतं.

आता नेट प्रॉफिट. इथे जरा थांबा आणि वही घ्या. तेच जवळ्याचं पाकीट. सगळे आकडे समजा म्हणून घ्या, तुमचे तुम्ही बदला. विक्री १२० रुपये. जवळा ३०० रुपये किलोने घेतला, म्हणजे २०० ग्रॅमचे ६० रुपये. वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “सर, पाकिटामागे साठ रुपये सुटतात.”

सुटत नाहीत. एक किलो जवळा निवडला, वाळू-कचरा काढला की हातात राहतो समजा ८५० ग्रॅम. म्हणजे पाकिटातल्या २०० ग्रॅमची किंमत झाली साधारण ७१ रुपये. उरले ४९. पिशवी आणि लेबल ७, उरले ४२. स्टॉलचं भाडं आणि रिक्षा पाकिटामागे १०, उरले ३२. इथवर बहुतेक जणी येतात आणि पेन खाली ठेवतात. पण तासाभरात निवडून, भरून चार पाकिटं होतात. तुमच्या तासाची मजुरी ६० धरली तर पाकिटामागे १५. उरले १७.

साठाचे सतरा झाले. एका ताईंनी यावर मला विचारलं, “माझी मजुरी मी मलाच का देऊ?” प्रश्न चांगला होता. उत्तर असं की उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारच्या वहिनींना कामाला घेतलं, तर त्या फुकट करणार नाहीत. तेव्हा भाव वाढवायला गेलात तर गिऱ्हाईक तुटतं. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांचं पोट कशावर चालणार तेही याच सतरा रुपयांतून. निव्वळ नफा हा महिन्याचा आकडा नाही, वर्षाचा आहे, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी.

बँकेच्या फॉर्मवरचं ‘नेट वर्थ’ लवकर उरकतो: तुमचं जे आहे त्यातून कर्ज आणि देणी वजा. घर, दागिने, मशीन लिहून कर्जाची ओळ कोरी सोडू नका, बँकेला ते दुसरीकडून कळतंच.

पण बिलावरचं ‘नेट ३०’ नीट समजून घ्या. मोठ्या दुकानाच्या किंवा हॉटेलच्या ऑर्डरवर हे छापलेलं असतं. अर्थ एवढाच, की बिलाची पूर्ण रक्कम ३० दिवसांत. यात सूट नाही, वजावट नाही. कोणी ‘नेट ९०’ लिहून देतो आणि आपण खाली सही करतो. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचं कलम १५ वाचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा फायदा मिळत नाही. गिऱ्हाइकाशी लगेच वाद घाला असं मी म्हणत नाही. पण सही करताना तुम्ही काय सोडून देताय ते माहीत असू द्या.

जाता जाता, मराठीतही आपला एक नेट आहे. नेट लावणे, नेटाने काम करणे. आणि ‘नेटका’ म्हणजे टापटीप, नीटस. इंग्रजी ‘नीट’शी त्याचं नातं जोडायचा मोह होतो, पण आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. नेटका हिशेब आणि नेट हिशेब, दोन्ही ठेवा म्हणजे झालं.

नागावच्या ताईंचं काय झालं ते विचाराल. या दिवाळीच्या आधी त्याच एजंटचा परत फोन आला, “नेट काय?” ताईंनी फोनवर काहीच सांगितलं नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, तो त्यांच्या परवानगीने इथे देतो: “रूम २,५०० रु., दोन माणसं, एक रात्र, ही रक्कम आमच्या हातात. तुमचं कमिशन यात नाही. नाश्ता-चहा यात नाही, दोघांचे ३०० वेगळे. एसी यात आहे. कबूल असेल तर ‘हो’ लिहून पाठवा.”

दहा मिनिटांत ‘हो’ आलं.