पांडा आणि ग्रीनलंड शार्क यांच्यात साम्य काय?

प्रश्न : जायंट पांडा आणि खोल समुद्रातला ग्रीनलंड शार्क, दोघांचीही नोंद 'असुरक्षित' प्राण्यांत आहे असे वाचले. एक बांबू खाणारे अस्वल, दुसरा मासा. या दोघांत काही सारखेपणा आहे का?

उत्तर : आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. दोघेही अत्यंत काटकसरीने जगतात.

पांडाचे आतडे मांसाहारी प्राण्याचे आहे, पण आहार जवळजवळ सगळा बांबूचा. खाल्लेल्या बांबूचा जेमतेम पाचवा हिस्सा त्याला पचतो. म्हणून तो दिवसाकाठी बारा किलोहून जास्त बांबू खातो आणि हालचाल बेताची ठेवतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तेवढ्याच वजनाच्या प्राण्याला जेवढी ऊर्जा लागेल असे आपण धरतो, तिच्या सुमारे 38 टक्केच ऊर्जा पांडा रोज खर्च करतो.

ग्रीनलंड शार्क उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंडगार पाण्यात राहतो, दोन हजार मीटरहूनही खोल जातो. त्याचा नेहमीचा वेग ताशी एक किलोमीटरच्या आसपास असतो, आणि वर्षाला तो एखादा सेंटिमीटरही वाढत नाही. त्याच्या डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्या गाभ्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून 2016 साली शास्त्रज्ञांनी शार्कचे वय काढले. पाच मीटर लांबीच्या एका मादीचे वय अंदाजे 392 वर्षे निघाले. त्यात शंभराहून जास्त वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, तरी पृष्ठवंशी प्राण्यांत हे सर्वाधिक आयुष्य ठरते.

अशा जगण्याची किंमत दोघांनाही प्रजननात मोजावी लागते. पांडाची मादी वर्षातून दोन-तीन दिवसच माजावर येते, आणि साधारणपणे दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवते. शार्कची मादी तर वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षे घेते. त्यामुळे दोघांचीही संख्या एकदा घटली की भरून यायला फार काळ लागतो.

फरक पडतो तो माणसाच्या नजरेमुळे. पांडा 1961 पासून वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचे बोधचिन्ह आहे. चीनने 1998 साली नैसर्गिक जंगलांची तोड थांबवली, राखीव क्षेत्रे वाढवली. नंतरच्या एका गणनेत रानातले पांडा 1,864 भरले, आणि 2016 साली तो 'संकटग्रस्त' वर्गातून 'असुरक्षित' वर्गात आला, म्हणजे त्याची स्थिती सुधारली. शार्क मात्र यकृताच्या तेलासाठी विसाव्या शतकापर्यंत मारला गेला आणि आजही इतर माशांच्या जाळ्यांत अडकतो. 2020 साली तो 'असुरक्षित' ठरला, तो उतरणीला लागून.

यादीतला शब्द एकच, दिशा मात्र उलट. पांडाला जे मिळाले ते या शार्कलाही मिळायला हवे. आज वयात येत असलेली मादी आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधी जन्मलेली आहे. ती गेली, तर तिची जागा घ्यायला आणखी दीडशे वर्षे लागतील.